जुन्या नोंदी उतरवताना नावे ‘दुरुस्त’ करू नका

मंडळीच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या जुन्या वह्या एक्सेलमध्ये उतरवणाऱ्या नऊ स्वयंसेवकांपैकी आता तिघेच उरले आहेत, तेव्हा बाकीचे काम यंत्राकडे सोपवून गट बंद करावा का, असे आपण विचारले आहे. शोध सोपा व्हावा म्हणून सगळ्या नावांचे लेखन एकसारखे करून घेतल्याचेही आपण ओघात लिहिले आहे. मी त्या वाक्यापाशीच थांबलो, कारण पंधरा वर्षांपूर्वी सोलापुरात मी नेमके हेच केले होते.

आपल्या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांची नावे एकाच वहीत येतात, आणि लिहिणाऱ्या पाळकाच्या कानाला नाव जसे ऐकू येई तसे ते कागदावर उतरे. आमच्या वहीत एका पानावर ‘मल्लप्पा’ होते, तर पुढे एका पानावर ‘मलापा’. मी दोन्ही ठिकाणी ‘मल्लप्पा’ केले आणि पानांचे क्रमांकही टिपले नाहीत. माझ्या यादीच्या भरवशावर एका कुटुंबाने आपल्या पणजोबांची म्हणून एका कबरीवर नाव कोरलेला दगड बसवला. काही महिन्यांनी एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “हे आमचे आजोबा. यांच्यावर दुसऱ्यांचा दगड कसा?” त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

मूळ वही पाहिली असती तर उलगडा झाला असता. परंतु ती तोवर ‘सुरक्षित जतनासाठी’ एका कार्यालयाने नेली होती. त्याचे नाव मी लिहीत नाही. आधी अर्ज, मग मंडळीचे पत्र, मग साहेब रजेवर, असे अकरा हेलपाटे झाल्यावर ‘सदर नोंदवही आढळून येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर हाती आले. आमच्याकडे पानांचे फोटो नव्हते. त्या दोन कुटुंबांचा प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि त्याचा दोष त्या कार्यालयाइतकाच मी माझ्याकडे घेतो.

इंग्लंडमध्ये 1538 पासून चर्चच्या नोंदवह्या सुरू झाल्या आणि 1598 पासून त्यांची नक्कल दरवर्षी बिशपकडे जाऊ लागली, म्हणून मूळ वही गेली तरी पुष्कळदा दुसरी प्रत सापडते. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या नकलाही लंडनला जात, आणि ब्रिटिश काळातील भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेण्यासाठी 1998 साली स्थापन झालेल्या फिबिस (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेचे स्वयंसेवक अशा नकलांवर काम करतात. मात्र त्यांत प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन घरे भेटतात. आपल्या मराठी मंडळ्यांच्या वहीला बहुधा जोडीची प्रत नसते.

यंत्राला माझा विरोध नाही. अमेरिकेच्या 1950 च्या जनगणनेचे हस्ताक्षर 2022 मध्ये आधी यंत्राने वाचले आणि मग स्वयंसेवकांनी ते तपासले; पुढे आपले कामही बहुतेक असेच, टंकनाकडून तपासणीकडे वळेल. परंतु ओळखीच्या नावाकडे यंत्राचाही कल जातो, आणि ‘मलापा’ हा ‘मल्लप्पा’ नव्हे हे ती गल्ली, ती घरे ठाऊक असलेला माणूसच सांगू शकतो. म्हणून गट बंद करू नये, असे माझे ठाम मत आहे. या कामाला तिघे पुरतात, फक्त त्यांत एखादी सत्तरीची व्यक्ती असावी.

वहीत दिसते तसे नाव एका रकान्यात आणि शोधासाठी केलेले नाव दुसऱ्यात ठेवावे, शेजारी पानाचा क्रमांक असावा. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये. हयात व्यक्तींच्या नोंदी आणि पूर्वाश्रमीच्या जातीचा रकाना सरसकट खुला करू नये, असे मला वाटते. मी वकील नाही, तेव्हा दाखल्यासाठी अशी यादी चालेल का हे जाणकारालाच विचारावे.

आपली वही अजून मंडळीच्या कपाटात आहे. येत्या रविवारी उपासना संपल्यावर ती खिडकीपाशी उजेडात ठेवून, फ्लॅश न वापरता, पहिल्या पानापासून फोटो घ्यावेत आणि त्यांच्या प्रती निदान तीन घरांत ठेवाव्यात. तोवर ती वही कोणी कितीही आदराने मागितली, तरी हातची सोडू नये.