स्टुटगार्टमधले न संपणारे रविवार

"नोकरी नीट चालू आहे, पगार वेळेवर होतो, पण इथे माझं म्हणावं असं कुणीच नाही. माझ्यातच काही कमी आहे का? परत यावं का?" ऑनलाइन समुपदेशन करायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारी बहुतेक मुलं-मुली एकटी परदेशी गेलेली असतात आणि घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच असतात. त्यातल्या एकीची हकीकत सांगते. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अदिती कऱ्हाडची, इंजिनिअर. पुण्यात काही वर्षं नोकरी करून ऑक्टोबरात जर्मनीतल्या स्टुटगार्टला गेली. कागदोपत्री ती तिथे केव्हाच स्थायिक झाली होती. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची पत्त्याची नोंदणी, बँक, आरोग्य विमा, सगळं तिने झटपट उरकलं. घंटीवर आणि टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठीसुद्धा लावली, कारण तिथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो आणि आडनाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. कामसू मुलींची एक समजूत असते की यादी संपली की जीव आपोआप रमतो.

तिचा रमला नाही. डिसेंबरात तिथे साडेचारला सूर्य मावळतो. ती सहाला घरी यायची तेव्हा कऱ्हाडात रात्रीचे साडेदहा झालेले असत आणि आई जागी असे. व्हिडिओ कॉल लावून फोन मिसळणाच्या डब्याला टेकवायचा, आणि मग फोडणी, जेवण, भांडी सगळं आईच्या देखत. कॉल संपेपर्यंत तिकडे साडेबारा. रविवारी बहुतेक दुकानं बंद, रस्ते सामसूम, म्हणून कॉल सकाळपासूनच. इन्स्टाग्रामवर मात्र बर्फाचे फोटो. "सगळ्यांना वाटतं मी मजेत आहे मॅडम. आता रडगाणं कुणापुढे गाऊ?"

पहिल्याच सत्रात तिने मला एक आलेख दाखवला. परदेशी गेल्यावर आधी आनंदाचा काळ, मग घसरण, मग हळूहळू चढण. "माझा आनंदाचा काळ आलाच नाही, म्हणजे माझंच बिनसलंय." या आलेखाचं मूळ लिसगार्ड या नॉर्वेजियन संशोधकाच्या १९५५ मधल्या अभ्यासात आहे. पुढच्या अभ्यासांत तो सरसकट खरा ठरलेला नाही. पुष्कळांना सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होतो असंही दिसलं आहे. तेव्हा तो आलेख बाजूला ठेवायला लावला.

मला जास्त उपयोगी वाटते ती समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये केलेली विभागणी. एकटेपणा दोन तऱ्हेचा असतो. एक जिवाभावाच्या माणसाचा, दुसरा आजूबाजूच्या ओळखीपाळखीचा. आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. अदितीला जिवाभावाचं माणूस रोज दोन तास मिळत होतं. नव्हता तो जिन्यात मान हलवणारा शेजारी, नेहमीचा दुकानदार, "काल दिसली नाहीस?" असं विचारणारं कुणीतरी. ही भूक आईच्या फोनने भागणारी नव्हती, म्हणून फोन लांबत चालला होता.

तेवढ्यात पाटीचं प्रकरण निघालं. एका संध्याकाळी तिच्या दाराच्या मुठीला कुणीतरी लाकडी पाटी अडकवून गेलं. तिला जर्मन जेमतेम येत होतं. फोडणीच्या वासाची तक्रार असणार, असं धरून तिने ती पाटी उचलली आणि आत कपाटात ठेवून दिली. आठवड्याने दाराखालून चिठ्ठी सरकवली गेली. दोन रात्री तिला झोप नाही. सत्रात तिने पाटी कॅमेऱ्यासमोर धरली, आणि शब्द भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घालून आम्ही दोघींनी मिळून वाचली. केअरवोखे, म्हणजे झाडण्याचा आठवडा! त्या भागातली ही जुनी रीत आहे. जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी भाडेकरूंमध्ये फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. अदितीने पाटीच अडवून धरल्यामुळे सगळ्या इमारतीची पाळी खोळंबली होती.

हसलो आम्ही, पण मी तिला असंही सांगितलं की दर वेळी गैरसमजच असतो असं नाही. परदेशात कधी कधी खरोखर तिरकी वागणूक मिळते, आणि तेव्हा "तुझ्याच मनाचे खेळ" म्हणणारा सल्लागार काही कामाचा नाही. मात्र कपाटात ठेवलेल्या पाटीवरून काहीच कळत नाही. ती वाचावी लागते, नाहीतर दार वाजवून विचारावं लागतं.

तिने दोन वाक्यं पाठ केली आणि समोरच्या आजींचं दार वाजवलं. आजींनी झाडू कुठे असतो, तळघराचा जिनाही कसा झाडायचा, ते करून दाखवलं. चहाला वगैरे बोलावलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी स्वतःहून "ग्र्युस गॉट", म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हटलं. त्या आठवड्याची माझ्या लेखी हीच मिळकत.

आता फोन. आईशी बोलणं कमी कर, असं मी सांगितलं नाही. असं सांगितलेलं कुणी ऐकतही नाही. एका सत्रात आईंनाच बोलावलं. "ती एकटी जेवते हो. माझ्या घशाखाली घास उतरत नाही," त्या म्हणाल्या. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू, पहाटे साडेपाचला उठणं, आणि झोपायला एक. हे अदितीला माहीतच नव्हतं. मग ठरलं की रोज तिच्या सकाळी सातला, म्हणजे कऱ्हाडच्या साडेअकराला, थोडा वेळ बोलायचं आणि शनिवारी मनसोक्त. पहिले काही दिवस आईंचे "जेवलीस का?" हे मेसेज उत्तर येईपर्यंत येतच राहिले. एकदा तर त्या चिडून म्हणाल्या, "आता आमची गरज उरली नाही वाटतं." मी त्यांच्याशी बोलून घेतलं. अशा वेळी पालकांशी बोलणं टाळलं की सगळं वेळापत्रक आठवड्यात कोसळतं.

मोकळ्या झालेल्या संध्याकाळी अदितीने फोल्क्सहोखशूले या सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्रात जर्मनचा वर्ग धरला, मंगळवार आणि गुरुवार. मला वर्गापेक्षा वार महत्त्वाचे होते. एकदाच होणाऱ्या मेळाव्यांत, पार्ट्यांत माणसं भेटतात आणि विरतात. तीच माणसं, त्याच जागी, पुन्हा पुन्हा दिसावी लागतात. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा की ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. आठवड्याला तीन तास धरले तर साध्या मैत्रीलाच चार महिने. हा हिशेब मांडल्यावर अदिती म्हणाली, "म्हणजे मी नापास नाही झालेय, माझे तास भरायचेत." तिथल्या मराठी मंडळींकडेही ती जायला लागली. त्यात कसला कमीपणा? पण नुसतं तेवढंच धरलं तर पुन्हा शनिवार-रविवारचीच माणसं उरतात.

एक गोष्ट मी पहिल्या भेटीतच तपासते. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त उडालेलं असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर हे नवखेपण म्हणून सोडून द्यायचं नाही, तिथल्या डॉक्टरला दाखवायचं. जर्मनीत ११६११७ या क्रमांकावरून मानसोपचाराच्या पहिल्या भेटीची वेळ मिळू शकते. जगणं नकोसं वाटत असेल तर थेट ११२ हा आपत्कालीन क्रमांक. अदितीच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

परत यायचं का, हा निर्णय हिवाळ्यात घ्यायचा नाही, एवढं आम्ही ठरवलं. ऑक्टोबरात गेलेल्या मुलीने शहराची फक्त अंधारी बाजू पाहिलेली असते. मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे गेली. वर्गातल्या एका कोलंबियन नर्ससोबत ती आता रविवारी शहरातले डोंगरउताराचे जिने चढते. स्टुटगार्टमध्ये असे ४०० हून जास्त जिने आहेत. "मैत्रीण म्हणता येईल का, माहीत नाही," ती म्हणते. अलीकडच्या सत्रांत तिचा बहुतेक वेळ ऑफिसमधल्या बढतीच्या कुरबुरीत जातो. परत येण्याचा विषय मलाच काढावा लागतो.