कोपर बदलायचंय? कॅशलेसची मंजुरी आधी हातात घ्या

तुमच्या आईंचं कोपर बदलायचं आहे, त्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नाही, वेणी घालता येत नाही, हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. आमवाताने माझ्या उजव्या कोपराची हीच गत केली होती. ऑपरेशनची माहिती सर्जन देतीलच, मी वेगळं सांगते.

कोपरावरची कातडी पातळ, त्यामुळे तिथे जंतुसंसर्गाचा धोका गुडघ्यापेक्षा जास्त. म्हणून तारीख ठरल्यावर माझं आमवाताचं बायोलॉजिक इंजेक्शन थांबवलं, कारण ते प्रतिकारशक्ती दाबतं. आणि नेमकं तेव्हाच विम्याचे क्लेम बघणाऱ्या ऑफिसने कॅशलेस, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलचं बिल थेट भरण्याची मंजुरी, अडवून धरलं. आधी एक्स-रे मागितले. ते दिले तर आमवाताचं पहिलं प्रिस्क्रिप्शन हवं. तेही दिलं, तर विचारतात, "कोणता गुडघा?" फॉर्मवर 'एल्बो' ठळक लिहिलेलं! वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, केव्हाच संपलेला. अहो, सगळे कागद एकदम मागायला काय जातं? तारीख पुढे गेली, इंजेक्शन बंदच, आणि मनगटं, बोटं अशी सुजली की चहाचा कप धरवेना. मग ती सूज उतरेपर्यंत ऑपरेशन आणखी लांबलं. हे कोण भरून देणार?

तेव्हा मंजुरीचं पत्र आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. इंजेक्शन कधी थांबवायचं ते मात्र संधिवाततज्ज्ञच सांगतील; मी डॉक्टर नाही, मनाने काही बंद करू नका. क्लेम नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालांकडे जा. पुण्या-मुंबईत कार्यालय आहे, फी लागत नाही. इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, खर्चाचा अंदाजही लेखी घ्या. २०१७ ची सरकारी किंमतमर्यादा गुडघ्याच्या इम्प्लांटपुरती आहे, कोपराला नाही. इम्प्लांटचे स्टिकर आणि बिल नीट ठेवा.

आई पाण्याची कळशी उचलू शकतील का, विचारलंत. नाही. सहसा एका वेळी ५ किलो, वारंवार उचलायचं तर १ किलोच, आणि तेही जन्मभर. सर्जनप्रमाणे आकडा थोडा बदलतो. जास्त भार पडला तर सांधा हाडातून सैल होतो. जमिनीवर हात टेकून उठणंही नको. हे आईंना पटत नसेल तर ऑपरेशन करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुखणं थांबतं, घास तोंडाशी जातो, पण पहिल्यासारखा हात मिळत नाही.

हॉस्पिटलात पुढून उघडणारे, ढगळ बाह्यांचे गाऊन न्या. आणि नंतर करंगळीत मुंग्या किंवा बधिरपणा वाटला तर पुढच्या तपासणीची वाट न बघता सर्जनना फोन करा.