डॅशहंडच्या कण्याचा त्रास : चालायला लागला तरी पिंजऱ्यातच ठेवायचं का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या कुत्र्याचे, पिंट्याचे दिवस आठवले, त्यालाही हेच झालं होतं. तुम्ही लिहिलंय की डॅशहंड जातीचा कुत्रा आहे, पाच वर्षाचा, मागचे पाय लडबडायले होते, डॉक्टरांनी कण्यातली गादी सरकली म्हणून गोळ्या दिल्या आणि सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवा म्हणले. आता आठव्याच दिवशी तो बरा चालायलाय, रात्रभर केकाटतोय, आणि घरचे म्हणायलेत की पाय मोकळे होऊ द्या, तेल चोळा. तर सोडू का?

नका सोडू. मी सोडलं होतं, अकराव्या दिवशी. परभणीतलं मार्चचं ऊन, पिंजऱ्यात लेकरू धापा टाकायलंय, मला बघवेना, आणि चालत तर होता की चांगला. म्हणलं पाच मिनिटं अंगणात फिरू दे. अंगणात बाबांची बाज होती, रोजची सवय त्याची, गेला आणि टुणकन उडी मारली. वर गेला तो नीटच, उतरताना एकच किंचाळी आली आणि मग मागचं अर्धं अंग फरशीवरनं ओढत माझ्याकडं यायला लागला. ते शहाबादी फरशीवर पाय घासल्याचं अजून ऐकू येतंय मला.

आता हे का होतं ते सांगते, कारण मला कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर मी सोडलंच नसतं. दोन मणक्यांच्या मधे जी गादी असते तिच्या आत मऊ गर आणि बाहेरनं चिवट कडं. डॅशहंड, पग, बीगल असल्या जातींमधे हा गर लहान वयातच कडक व्हायला लागतो, मग एखाद्या दिवशी करंजी फुटून सारण बाहेर यावं तसा तो बाहेर येऊन मज्जारज्जूवर दाबतो. बहुतेकदा छाती संपून कंबर सुरू होते तिथंच. गोळ्यांनी सूज आणि दुखणं उतरतं ते चार-आठ दिवसात, पण फाटलेलं कडं भरून यायला आठवडे लागतात. म्हणजे तुमचा कुत्रा आत्ता बरा झालेला नाही, त्याचं फक्त दुखायचं थांबलंय, आणि दुखत नाही म्हणून तो उड्या मारणार. सगळ्यात धोक्याचा काळ हाच. पहिले दोन दिवस कुणाला सांगावं लागत नाही, कुत्रं आपलंच गप पडून राहतं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पहिलं काय केलं तर मागच्या पायाचं बोट चिमट्यानं जोरात दाबलं. पिंट्या गर्रकन वळून चावायला आला. मी सॉरी म्हणायलेय आणि डॉक्टर हसायलेत, म्हणले चावायला येतोय ना, मग चांगलंय. नुसता पाय आखडून घेतला तर ते धरत नाहीत, तो झटका खालच्या खाली कण्यातनंच येतो, त्यानं मान वळवली पाहिजे नाही तर ओरडलं पाहिजे, म्हणजे दुखणं मेंदूपर्यंत पोचलं. ते पोचतच नसेल तर मग घरी थांबायचं नाही, एमआरआय आणि ऑपरेशन होतं तिथं लगोलग न्यायचं, एक-दोन दिवसाच्या आत, आणि तेव्हासुद्धा निम्म्याच्या आसपासच चालायला लागतात. मराठवाड्यातनं न्यायचं म्हणजे लांबचा प्रवास आणि लाखाकडं जाणारा खर्च, म्हणून ही गोष्ट आधीच विचारून ठेवा. आणि लुळेपणा अंगात पुढं सरकायलाय असं वाटलं, पुढचे पायही लटके पडले, श्वास वरवर व्हायला लागला, तर रात्र असो की काही असो, तसंच उचलून न्या.

पिंजऱ्याचं म्हणाल तर विकतचा नाही घेतला, वेल्डिंगवाल्याकडनं तीन बाय दोन फुटांचा जाळीचा करून घेतला, उभं राहता येईल आणि गर्रकन वळता येईल एवढाच. मोठा केला तर त्यातच पळतंय. खाली आजीची जुनी वाकळ, तिच्यावर रेग्झिन, वर टॉवेल. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूला, पट्टा छातीचा, गळ्याचा नाही, आणि पोटाखालनं टॉवेलची झोळी करून. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ सरळ. पुढच्या दोन पायांना धरून लेकरासारखं उचलतात ना, ते अजिबात नको. कूलर पिंजऱ्याकडं, पण अंगावर थेट झोत नाही.

रात्रीचं केकाटणं हे आमच्याकडं अर्धं तर एकटेपणाचं निघालं. पिंजरा आईच्या अंथरुणाला लागून ठेवला, आई झोपेतच जाळीतनं दोन बोटं आत घालून ठेवायची, दोन दिवसात बंद. पण केकाटताना अंग थरथरत असेल, पाठ कमानीसारखी असेल, तर ते दुखणं आहे, डॉक्टरांना फोन करा. घरातली गोळी देऊ नका बरं का. आमच्या एका नातेवाइकानं माणसाची दुखण्याची गोळी अर्धी करून आणली होती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हे कुत्र्याच्या आतड्याला अल्सर करतं, किडनी घालवतं. डायक्लोफेनॅक म्हणजे तेच, ज्याच्यामुळं गिधाडं संपत आली आणि २००६ ला जनावरांसाठी बंद केलं. मेलोक्झिकॅम (डॉक्टर देतात ती सूज-दुखण्याची गोळी) चालू असताना कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायलं तर आधी सांगा की हे चालू आहे, दोन्ही एकत्र नाही चालत.

तेल चोळायचं आणि हाडवैद्याकडनं कणा बसवून घ्यायचं तर डोक्यातनंच काढून टाका. मामा आमचे अडूनच बसले होते, म्हणे बैलाची पाठ बसवतो तो. बैलाचं मला माहीत नाही, पण फुटलेली गादी दाबून आत जात नाही. घरच्यांना काहीतरी करायचंच असतं, तर त्यांना कुशी बदलायचं काम द्या. उठता येत नसेल तर दर चार तासाला कूस बदलावी लागते, नाही तर नितंबाच्या हाडावर जखम पडते. पाय हलक्या हातानं दुमडायचे-सोडायचे, हा व्यायाम पण डॉक्टर हो म्हणल्यावरच आणि त्यांच्यासमोर एकदा करून दाखवून.

खाणं कमी करा. पिंट्या साडेनऊ किलोचा होता, बाबा ताटातली भाकरी-दूध द्यायचे, ते बंद करायला पिंट्यापेक्षा बाबांना जड गेलं.

दुसऱ्या फेरीत सोळाव्या दिवशी बाबांच्या गाडीचा आवाज आला आणि त्याची शेपटी हलली. पुसताना हलायची आधी, पण डॉक्टर म्हणले होते ती धरू नका, तो झटका असतो. आवाज ऐकून हलली म्हणजे वरनं निरोप खाली आला. आई पिंजऱ्यासमोर बसून रडली. तरी सहा आठवडे पुरे केले, मग रोज पाच मिनिटं चालणं, मग दहा. तीन महिन्यांनी बऱ्यापैकी चालायला लागला, वळताना अजून प्यायल्यासारखा झोकांडतो. बाजेचे पाय सुतारानं कापून एक वीत केले, तिच्यावर आता पाहुणे बसत नाहीत, पिंट्याच झोपतो.

एक मात्र तुम्ही लिहिलंच नाही, लघवी आपणहून करतोय का? थेंब थेंब गळतंय म्हणजे होतंय असं नाही, उलट पिशवी भरून वाहत असती. पिंट्याची तशीच भरली होती, डॉक्टरांनी माझे हात पोटावर ठेवून त्यावर स्वतःचे ठेवले तेव्हा कळलं, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं लागतंय. दिवसातनं तीन-चारदा दाबून रिकामी करायची, पण शिकल्याशिवाय दाबू नका. लघवीला घाण वास येत असेल किंवा गढूळ असेल तर इन्फेक्शन बघायला लागतं. ते आज बघा आणि इथंच कळवा.