केरविलला या, पण नदीकाठच्या घरात नको

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची डॉक्टरकीची रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) संपतेय, टेक्ससमध्ये केरविलच्या हॉस्पिटलात नोकरी ठरलीय, तुम्ही मुलांना घेऊन सांगलीहून जाणार आहात आणि ग्वाडालूप नदीच्या काठावरचं एक घर बजेटात बसतंय. पुढे असंही लिहिलंय, "पुराचं आम्हाला नवीन नाही, २०१९ काढलाय." या एका वाक्यामुळे एवढं सविस्तर लिहायला बसले. माझं माहेर मिरजेचं आणि आता मी केर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी; केरविल त्यातच येतं) शेजारच्या काउंटीत राहते. केरविल राहायला चांगलं गाव आहे, जरूर या. ते घर मात्र घेऊ नका, भाड्यानेसुद्धा नको.

आपल्याकडे पूर कसा येतो? कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी येते, मग सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट हाच दिवसभर विषय. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. तोवर फ्रीज माडीवर चढतो, जनावरं हलवली जातात. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, फार नुकसान झालं, पण ते चढायला दिवस लागले होते. ग्वाडालूप तेवढा वेळ देत नाही. ४ जुलै २०२५ च्या पहाटे हंट गावाजवळ ती पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली आणि साडेसदतीस फुटांवर गेली. त्या पुरात टेक्ससमध्ये १३० हून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक एकट्या केर काउंटीत. नदीकाठच्या कॅम्प मिस्टिक या मुलींच्या उन्हाळी शिबिरातल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या काउन्सेलर मिळून २७ जणी त्यात होत्या. अजूनही इथे तो विषय निघाला की माणसं गप्प होतात.

इशारे दिले गेले नव्हते असं नाही. आदल्या दुपारी हवामान खात्याने 'वॉच' (पूर येऊ शकतो) दिला होता, रात्री १:१४ ला 'वॉर्निंग' (पूर येतोय, सावध व्हा), ४:०३ ला 'इमर्जन्सी' (जिवाला धोका). पण सुट्टीची रात्र, लोक झोपेत, डोंगराळ भागात मोबाइलला धड रेंज नाही आणि केर काउंटीत नदीकाठी भोंगे नव्हते. म्हणून फोनवर विसंबू नका. बॅटरीवर चालणारा 'नोआ वेदर रेडिओ' घ्या आणि उशाशी ठेवा. इशारा आला की तो कर्कश वाजतो.

हे एकदाच घडलं असंही समजू नका. १९३२ ला मोठा पूर आला, १९७८ ला अमेलिया वादळाच्या उरलेल्या पावसाने आला. १७ जुलै १९८७ ला खालच्या अंगाला, कम्फर्ट गावाजवळ, कॅम्पमधून मुलांना बाहेर काढणारी बस पाण्यात अडकली आणि १० मुलं वाहून गेली. कारण इथल्या जमिनीतच आहे. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा बाल्कोनीस नावाच्या कड्याला येऊन वर चढते आणि एकाच जागी कोसळते. खाली चुनखडीचा खडक, त्यावर बोटभर माती, उतार तीव्र. पाणी मुरतच नाही, सगळं ओढ्यांतून नदीत. या पट्ट्याला 'फ्लॅश फ्लड अ‍ॅली', म्हणजे अचानक येणाऱ्या पुरांची गल्ली, म्हणतात ते उगीच नाही.

आता घराचं. 'फेमा' या अमेरिकेच्या सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या पूर-नकाशावर पत्ता टाकला की झोन दिसतो. 'ए' किंवा 'एई' म्हणजे दरवर्षी पुराची १ टक्का शक्यता. ऐकायला कमी वाटते, पण ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती २६ टक्क्यांवर जाते. 'एक्स' लिहिलं म्हणजे पाणी येणारच नाही असंही नाही. टेक्ससमध्ये घर विकणाऱ्याला आधी आलेल्या पुराची माहिती लेखी द्यावी लागते. घरमालकालाही घर पूररेषेत आहे का आणि गेल्या ५ वर्षांत पुराने नुकसान झालं का, हे भाडेकरूला लेखी सांगावं लागतं. तो कागद मागून घ्या. आणि काठावर जाऊन सायप्रसच्या झाडांकडे वर बघा. फांद्यांत अडकलेला काडीकचरा, पत्र्याचे तुकडे किती उंचावर आहेत, ते घराच्या छताशी ताडून पाहा. मी तरी एजंटच्या बोलण्यापेक्षा त्या झाडावर जास्त विश्वास ठेवेन.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. त्यासाठी सरकारी पूरविमा वेगळा काढावा लागतो: इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,०००. भाडेकरूलाही सामानापुरता मिळतो. साधारणपणे तो ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे ढग बघून काढायला गेलात तर उपयोग नाही. तुमच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण मिस्टर एच-१बी या वर्क व्हिसावर असतील. आपत्तीनंतर फेमा घराघराला जी रोख मदत देते, ती नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, वर्क व्हिसावाल्यांना नाही. घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. तुमची दोन्ही मुलं सांगलीची. निवारा, अन्न, पाणी सगळ्यांना मिळतं, पण गेलेला संसार उभा करायला विमा नाहीतर स्वतःची शिल्लक, एवढंच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण डॉक्टरच्या घरात ती आधी बघायला हवी: रस्ता. घर टेकडीवर असलं तरी वाटेत 'लो वॉटर क्रॉसिंग' असू शकतं. हे आपल्या फरशी पुलासारखं, बाजूला फुटांच्या खुणा असलेला खांब. रात्री दोनला हॉस्पिटलचा फोन येतो, पाऊस चालू असतो, आणि हेडलाइटमध्ये पाणी किती खोल आहे ते कळत नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं. बॅरिकेड ओलांडणं हा इथे गुन्हाही आहे. त्यामुळे घर ते हॉस्पिटल या वाटेत एकही क्रॉसिंग नसेल असंच घर निवडा, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

बाकी गारपीट होते, उन्हाळ्यात वणव्याची भीती असते, २०२१ च्या फेब्रुवारीत थंडीने वीज गेली होती. त्यावर उपाय आहेत, त्याने अडू नका. पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, नदीपासून लांब, चढावर. तीन-चार पत्ते हाताशी आले की कळवा, नकाशा आणि वाटेतली क्रॉसिंग मी बघून सांगते.