टीडीएस मीटरला आर्सेनिक दिसतं का?

प्रश्न: आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं मिक्स पाणी येतं. फिल्टर विकायला आलेल्या माणसाने मीटर बुडवला, टीडीएस ४२० दाखवला, म्हणाला बघा, आर्सेनिक वगैरे काही नाही. भाची एमएस्सी केमिस्ट्रीला आहे, ती हसायलाच लागली, म्हणे ते सोन्याच्या तारेने मोजतात. खरंय का हे? – एक वाचक, वाघोली

उत्तर: भाचीचं बरोबर आहे हो. दहा हजार लिटरचा टँकर धरा, ४२० टीडीएस म्हणजे लिटरला ४२० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार, म्हणजे त्यात चार किलोच्या वर क्षार झाले, आणि आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या अख्ख्या टँकरमध्ये ०.१ ग्रॅम! मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो, चार किलोत हे त्याला काय कळणार.

सोन्याच्या तारेची गंमत मातीच्या गल्ल्यासारखी आहे. पाण्यात थोडं ॲसिड घालायचं, तारेला निगेटिव्ह व्होल्टेज द्यायचं आणि मिनिट-दोन मिनिटं पाणी ढवळत ठेवायचं, तेवढ्यात आर्सेनिक कण कण करून सोन्यावर जमतं. मग व्होल्टेज हळूहळू पॉझिटिव्हकडे न्यायचं की जमलेलं सगळं एकदम सुटतं, गल्ला फोडल्यासारखं, आणि ग्राफवर करंटचा उंचवटा येतो. जितका उंच तितकं आर्सेनिक. नुसत्या पाण्यात जे दिसलं नसतं ते आधी साठवल्यामुळे दिसतं, सगळी करामत तिथेच. नाव भारदस्त, ॲनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टामेट्री.

पण भानगडी आहेत. पाण्यात आर्सेनिक दोन रूपांत असतं, तीन व्हॅलन्सीचं आणि पाच व्हॅलन्सीचं. तीनवालं सहज जमतं, पाचवालं जमत नाही, त्याला आधी केमिकल घालून तीनवर आणावं लागतं नाहीतर आकडा कमी येतो आणि आपण उगाच खूश. शिवाय पाण्यात तांबं असेल तर तेही सोन्यावर जाऊन बसतं न् त्याचा उंचवटा शेजारीच येतो. म्हणून त्याच पाण्यात माहीत असलेलं आर्सेनिक थोडं घालून उंचवटा किती वाढतो ते बघतात, मग हिशोब करतात.

आता घाबरू नका. आर्सेनिकचा मोठा त्रास गंगेच्या गाळाच्या पट्ट्यात, बंगाल-बिहारकडे. आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट, इथल्या बोअरला मी तरी आधी नायट्रेट, हार्डनेस आणि बॅक्टेरिया तपासून घेईन. आर्सेनिकची शंका असेलच तर लॅबमध्ये तेही करून मिळतं. फक्त नमुना लॅबने दिलेल्या बाटलीतच न्या, घरच्या तांब्याच्या कळशीतलं ओतून नको.