200 रुपये भरून मोकळ्या होण्याआधी

प्रश्न : माझा नवरा बोटीवरच्या मारामारीच्या केसमध्ये कच्चा कैदी आहे. 2024 च्या शिमग्यात मुलाखतीला गेले, तेव्हा त्याच्या लेंग्याच्या नेफ्यात बिडीची दोन बंडलं शिवून नेली होती. गेटवरच्या झडतीत ती सापडली आणि एका कागदावर माझी सही घेतली. आता तुरुंग अधिनियम कलम 42 खाली कोर्टाचं समन्स आलंय. गावातले म्हणतात, 200 रुपये दंड भर नि मोकळी हो. भरू का? त्याच्या जामिनाचं काय होईल? अंगणवाडी मदतनीस म्हणून अर्ज करायचा माझा विचार आहे. (एक वाचक, हर्णै)

उत्तर : ताई, घाईने भरू नका. गावातल्यांच्या डोक्यात एसटी स्टँडवर बिडी ओढल्याबद्दल होणारा दंड आहे. तो 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्यातला, तोही 200 रुपयांपर्यंतच, पण जागेवर भरून मिटतो. तुमच्यावरचं कलम 1894 च्या तुरुंग अधिनियमातलं. मूळ कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. इथे "कबूल आहे" म्हणून दंड भरलात, तर ती दोषसिद्धी, म्हणजे कोर्टाने गुन्हेगार ठरवणं, होते आणि उद्या नोकरीच्या अर्जात ती लिहावी लागू शकते.

वस्तू आत पोचलीच नाही, म्हणून गुन्हा झाला नाही, असंही नाही. या कलमात नुसता प्रयत्नही येतो. मात्र गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे, त्यामुळे अटकेची धास्ती घेऊ नका. तारखेला गैरहजर राहिलात, तर मात्र वॉरंट निघेल. तब्येत किंवा एसटी आडवी आली, तर वकिलामार्फत त्याच दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज द्या.

कोर्टात पहिलं काम म्हणजे फिर्यादीची आणि सोबतच्या सगळ्या कागदांची नक्कल घेणं. त्यात दोन गोष्टी शोधा.

एक, फिर्याद कोर्टात दाखल झाल्याची तारीख. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला मुदत एक वर्षाची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 468, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 514). म्हणजे फिर्याद मार्च 2025 च्या आत दाखल व्हायला हवी होती. समन्स तुमच्या हातात कधी पडलं, याला इथे महत्त्व नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये दाखल तारीखच धरायला सांगितलं आहे. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्यासाठी समोरच्याला कारण द्यावं लागेल.

दोन, नियम. "प्रतिबंधित वस्तू" म्हणजे या कायद्याखालच्या नियमाने मना केलेली वस्तू. बिडी कोणत्या नियमाने मना आहे, तो नियम फिर्यादीने दाखवायचा. बहुतेक आरोपी हे विचारतच नाहीत. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून पोलिसांनी तपास केला असेल, तर त्याआधी दंडाधिकाऱ्यांचा हुकूम घेतला होता का, तेही पाहा.

आता तुमची पडती बाजू. पिशवीत बंडल राहून गेलं असं म्हणता आलं असतं, नेफ्यात शिवलेल्याचं तसं म्हणता येत नाही. खोटी कहाणी रचू नका. सही केलेल्या कागदाचीही नक्कल मागा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण कारागृहाचा अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे, तेव्हा ते संरक्षण गृहीत धरू नका. विधिमंडळाने डिसेंबर 2024 मध्ये तुरुंगांसाठी नवा कायदा संमत केला, हे कुणी सांगून घाबरवलं तरी मागच्या कृत्याला नंतरची वाढीव शिक्षा लावता येत नाही. राज्यघटनेचं कलम 20 आहे.

मुदत आणि नियम या दोन्ही मुद्द्यांवर काही हाती लागलं नाही, तरच कबुलीचा विचार करा. तेव्हाही दंडाची तयारी दाखवण्याऐवजी परिवीक्षा अधिनियम 1958 च्या कलम 3 खाली समज देऊन सोडण्याचा अर्ज करा. पूर्वी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट तसं करू शकतं आणि कलम 12 मुळे त्या दोषसिद्धीची अपात्रता तुम्हाला चिकटत नाही. हा अर्ज शिक्षा सुनावण्याआधी द्यायचा असतो.

नवऱ्याचं सांगायचं, तर बंडलं त्याच्या हातात पडलीच नाहीत. कैद्याचा शिस्तभंग म्हणजे अशी वस्तू घेणं, बाळगणं किंवा दुसऱ्याला देणं. त्याने मागवली होती असा पुरावा नसेल, तर तुमच्या चुकीवरून त्याचा जामीन अडू नये. तरी त्याच्या वकिलांना हे आधीच कळवा. सरकारी वकिलाकडून भर कोर्टात कळलं, तर उत्तर द्यायला सुचत नाही.

वकिलासाठी पैसे नसतील, तर दापोलीच्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन केलात तरी चालेल.

राहिली बिडी. कच्च्या कैद्याला तुरुंग अधिनियमाच्या कलम 31 खाली घरचं अन्न, कपडे, अंथरूण आणि "इतर गरजेच्या वस्तू" तपासणी होऊन घेता येतात. त्यात बिडी बसते का, हे त्या कारागृहाच्या नियमांवर आहे. त्यानेच अधीक्षकांना लेखी अर्ज करावा, तुम्ही नाही. परवानगी मिळाली, तरी त्यातली एकही दुसऱ्या कैद्याला देऊ नये, सवलत जाते. नाही मिळाली आणि तलफेने झोप उडाली असेल, तर कारागृहाच्या डॉक्टरांकडे निकोटिनच्या गोळीची मागणी नोंदवावी. तीही घरून नेऊ नका.