दोन टनाचा हट्ट सोडा, आधी छताचं बघा

प्रश्न : नागपुरात स्वतःचा फ्लॅट आहे, तिसरा म्हणजे सर्वांत वरचा मजला. बेडरूम १३ बाय १० फूट, एक भिंत पश्चिमेला. हातात पगार ६२ हजार, गृहकर्जाचा हप्ता १९ हजार, घरखर्च जाऊन महिन्याला ९ हजार उरतात. बँकेत ४० हजार आहेत. दुकानदार म्हणतो, वरच्या मजल्याला दोन टनाचाच एसी लागेल. पाच स्टार, ५८ हजार, क्रेडिट कार्डावर १६ टक्क्यांनी २४ हप्ते. दीड टनात तीन स्टार ३७ हजारांना आणि पाच स्टार ४६ हजारांना मिळतो. वापर फक्त रात्री, आठ तास. कोणता घ्यावा?

उत्तर : एसी घ्या, फेब्रुवारीतच घ्या, पण दुकानदार गळ्यात मारतोय तो नको. २४ हप्त्यांत तुम्ही सुमारे १०,१५० रुपये व्याज भराल, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे ५८ हजारांची वस्तू ७० हजारांना पडेल.

आधी आकाराचं. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), साधारण ३.५ किलोवॉट गारवा. १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड टन हा ढोबळ हिशेब. तुमची खोली १३० चौरस फूट, म्हणजे एरवी एक-सव्वा टनात भागली असती. वरचं तापलेलं छत आणि पश्चिमेची भिंत धरून दीड टन होतो. दुकानदार तेच छत आणि तीच भिंत दोनदा मोजतोय. खोलीच्या मानाने मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि मंदावतो, हवेतलं बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे जाणवणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र अंगाला गार आणि तरी चिकट वाटत राहील.

पण एक खबरदारी घ्या. ‘दीड टन’ हे दुकानातलं नाव आहे. खरा दीड टन म्हणजे ५.२७ किलोवॉट, आणि त्या नावाखाली ४.७ किलोवॉटचेही एसी विकले जातात. शिवाय ही क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. नागपुरात ४५ अंशांना ती आणखी घटते. म्हणून लेबलवरचा कूलिंग कपॅसिटीचा आकडा बघा, ५ किलोवॉटच्या खाली असेल तर तो मॉडेल सोडा.

आता स्टारचा प्रश्न. इथे बहुतेक लोक डोळे झाकून पाच स्टार घेतात. बीईई म्हणजे स्टार ठरवणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं, पण ते १,६०० तासांच्या वापराचं. दीड टनात तीन स्टारला ९६० आणि पाच स्टारला ७६० युनिट धरू, फरक २०० युनिटांचा. तुमचा वापर एप्रिल ते मध्य जून आणि पुढे उकाड्याच्या रात्री मिळून ११० दिवस, म्हणजे ८८० तास. फरक उरतो ११० युनिटांचा. नागपूरच्या उष्म्यासाठी पाव भाग वाढवला तरी १३७. एसी सुरू झाला की महावितरणचं बिल ३०० युनिटांच्या वर जातं, आणि त्या स्लॅबमध्ये वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट १५ रुपयांना पडतं असं मानलं, तर वर्षाला सुमारे २,०५० रुपये वाचतील. जादा ९ हजार वसूल व्हायला साडेचार वर्षं. एसी दहा वर्षं टिकतो, त्यामुळे सौदा वाईट नाही. पण महिन्याला ५३ हजार खर्च असलेल्या घरात ४० हजारांची गंगाजळी महिनाभरही पुरत नाही, तिथे हे ९ हजार आत्ता अडकवू नयेत. तीन स्टार घ्या. मात्र घरातलं कुणी वडीलधारं दुपारीही त्याच खोलीत झोपणार असेल आणि वापर १४ तासांवर जाणार असेल, तर माझं उत्तर बदलेल. मग अडीच-पावणेतीन वर्षांत पैसे सुटतात, पाच स्टारच घ्यावा.

स्टार मोजण्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआर हा आकडा, म्हणजे हंगामभरात खर्च झालेल्या विजेच्या मानाने किती गारवा मिळतो ते, ताडून पाहा. १ जानेवारी २०२६ पासून निकष कडक झाले आहेत, त्यामुळे गोदामात राहिलेला जुन्या लेबलचा पाच स्टार नव्या चार स्टारच्या पंक्तीत बसतो. सवलत कशावर मिळतेय ते त्यातून कळेल.

वाचलेल्या पैशांतले पाच-सहा हजार छतावर घाला. सोसायटीची लेखी परवानगी घेऊन खोलीच्या वरच्या भागाला, कडेने दोन-दोन फूट जादा धरून, उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. तुम्ही एसी लावता तो नेमका तेव्हाच. चुन्याचा हातही चालतो, अगदी स्वस्तात होतो, फक्त पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडद्यापेक्षा बाहेरून चटई किंवा ताटी बरी, कारण ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडतं. आणि घरात कूलर असेल तर तो विकू नका. कोरड्या हवेत दुपारी हॉलमध्ये तोच पुरतो. एकाच खोलीत दोन्ही मात्र चालवू नका, कूलर बाष्प भरणार आणि एसी ते काढत बसणार.

पैशांची मांडणी अशी. फेब्रुवारी-मार्चच्या बचतीचे १८ हजार होतात. त्यातून छत सहा हजार. मेन बोर्डापासून चार चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन आणि एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) साडेतीन हजार. जोडणी, बाहेरच्या युनिटचा स्टँड आणि तीन मीटरपेक्षा जास्त लागलेला तांब्याचा पाइप मिळून साडेचार हजार. पाइपचा मीटरमागे दर आधी ठरवून घ्या, खरी कापाकापी तिथेच होते. बिलावरचा मंजूर भार किलोवॉटमध्ये किती आहे तेही पाहा. कमी असेल तर वाढवून घ्या. एसीचे ३७ हजार नऊ महिन्यांच्या नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यात घ्या, महिन्याला ४,११० रुपये. मे महिन्याच्या बिलात सुमारे ३ हजारांची वाढ धरा. दोन्ही मिळून सात हजार शंभर, म्हणजे ९ हजारांत बसतं आणि बँकेतल्या चाळीस हजारांना हात लागत नाही. ‘नो कॉस्ट’लाही व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क लागतंच, पाच-सातशे रुपये होतात. दुकानदाराला रोखीचा भाव विचारा. रोखीत दोन-अडीच हजार सुटत असतील तर तो हप्ता फुकटचा नाही हे उघड आहे. तरी तुमच्या परिस्थितीत मी हप्ताच निवडेन.

जोडणीच्या दिवशी घरी थांबा. आतलं आणि बाहेरचं युनिट जोडल्यावर पाइपमधली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने १५-२० मिनिटं ओढून काढायची असते. घाईतला माणूस थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतो. ओल आत राहिली की कंप्रेसरमधलं तेल खराब होतं आणि दोन-तीन वर्षांत तो कुरकुरायला लागतो. एसीत आर-३२ गॅस असेल तर तो ज्वलनशील असल्याने हा प्रकार धोक्याचाही आहे. पंप आणला नसेल तर काम दुसऱ्या दिवशी ठेवा. बाहेरचं युनिट बंद ग्रिलमध्ये कोंबू देऊ नका. सोडलेली गरम हवा तिथेच फिरली की वीज जास्त जाते. जोडणीची पावती आणि वॉरंटी कार्डावर कंप्रेसर, पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि कॉइल यांची मुदत वेगवेगळी लिहून घ्या. ‘दहा वर्षं वॉरंटी’ सहसा कंप्रेसरपुरतीच असते. स्टॅबिलायझर घेण्याआधी एसीची व्होल्टेज मर्यादा वाचा. ती १४५ ते २९० असेल आणि तुमच्या भागात दाब फारसा खाली-वर होत नसेल, तर ते तीन हजार वाचतात.

पहिल्या वर्षानंतर वार्षिक देखभाल करार घेऊ नका. हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी नळाखाली धुवा आणि मार्चमध्ये एकदा पाण्याच्या दाबाने कॉइल धुऊन घ्या, आठशे-हजारांचं काम. आतून पाणी ठिबकलं तर बहुधा ड्रेन पाइप शेवाळाने तुंबलेला असतो, तो फुंकून मोकळा होतो. गारवा कमी झाला की ‘गॅस संपला’ असं सांगितलं जातं. गॅस वापराने संपत नाही, गळतो. आधी नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचा फेस लावून गळती दाखवायला सांगा, बहुतेकदा ती पाइपच्या नटाच्या जोडावर सापडते. ती बुजवल्यावरच वजनकाट्यावर मोजून गॅस भरून घ्या. गळती न शोधता भरलेल्या गॅसचे पैसे देऊ नका.